दिवसा झोप येते म्हणून गोळी घेताना

फार्मसीच्या काउंटरवर झोप येण्याची गोळी मागणारे रोजचेच. झोप घालवण्याची गोळी मागणारे पूर्वी क्वचित यायचे, आता वरचेवर येतात. कुणी वेर्ण्याच्या कारखान्यात रात्रपाळीला असतो, कुणी कळंगुटच्या हॉटेलात रात्रभर रिसेप्शनवर बसते, कुणाची मोपा विमानतळावर पहाटेची ड्युटी. गोळीचं नाव मोबाइलवर लिहून आणलेलं असतं, डॉक्टरांची चिठ्ठी नसते. मी नाही म्हणते. काही जण रागावून पुढच्या दुकानात जातात, तेही मला कळतं.

पण चिठ्ठी घेऊन येणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते. त्यांना वाटतं, डॉक्टरांनी दिली म्हणजे झालं, आता फक्त गिळायची. या गोळीचं तसं नाही. ती कधी घेता, कशाबरोबर घेता आणि मुळात कशासाठी घेता यावर बरंच अवलंबून असतं. फोंड्यातल्या काउंटरवर उभ्या उभ्या दोन मिनिटांत जेवढं सांगता येतं ते अपुरं पडतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

या गोळ्यांपैकी आपल्याकडे सर्वांत जास्त लिहून दिली जाते ती मोडाफिनिल, आणि तिचीच बहीण आर्मोडाफिनिल. पट्टीवर कंपनीचं नाव मोठ्या अक्षरांत असतं, खाली बारीक अक्षरांत यांतलं एक नाव सापडेल. ते शोधून वाचा. मोडाफिनिलच्या रेणूची दोन रूपं असतात, डावा हात आणि उजवा हात असावा तशी. आर्मोडाफिनिलमध्ये त्यांतलं एकच, शरीरात जास्त वेळ टिकणारं रूप असतं. त्यामुळे मोडाफिनिलची नेहमीची मात्रा २०० मिलिग्रॅम, तर आर्मोडाफिनिलची १५० किंवा २५०. 'ती मिळाली नाही म्हणून ही घेतली' असं आपल्या मनाने करायचं नाही, आणि दोन्ही एकदम तर नाहीच.

मोडाफिनिलचा शोध फ्रान्समध्ये लागला. अमेरिकेत १९९८ मध्ये तिला मान्यता मिळाली ती नार्कोलेप्सी या आजारासाठी. नार्कोलेप्सीत मेंदूतल्या ओरेक्सिन नावाचं रसायन बनवणाऱ्या पेशी कमी होतात. हे रसायन माणसाला जागेपणी जागं धरून ठेवतं. ते नसलं की बोलता बोलता, जेवता जेवता झोपेची लाट येते. काहींच्या बाबतीत मोठ्याने हसलं की गुडघ्यातून बळच जातं. हा आजार बहुतेकदा शाळा-कॉलेजच्या वयात सुरू होतो आणि मुलाला 'आळशी' हे नाव पडून वर्षं निघून जातात. पुढे अमेरिकेत आणखी दोन कारणांसाठी गोळी मान्य झाली: झोपेत श्वास अडकण्याच्या आजारात उपचार करूनही उरणारी झोप, आणि रात्रपाळीमुळे होणारा झोपेचा विकार. युरोपने मात्र २०११ मध्ये फायदा-तोटा पुन्हा तोलून ही गोळी फक्त नार्कोलेप्सीपुरती ठेवली. एकाच गोळीबद्दल दोन ठिकाणी दोन निर्णय होतात, यावरूनच ती किती विचार करून द्यायची गोष्ट आहे ते दिसतं.

मुळात झोप का येते?

आपण जागे असतो तेव्हा मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. जितका वेळ जागे, तितका साठा मोठा, तितकी डोळ्यांवर झापड. रात्री नीट झोपलो की साठा उतरतो. कॉफी हा साठा कमी करत नाही. अ‍ॅडेनोसिन जिथे जाऊन चिकटतं ती जागा तेवढी अडवते. मोडाफिनिल वेगळ्या वाटेने जाते. मेंदूत डोपामिन नावाचं जागं ठेवणारं रसायन असतं, ते परत शोषलं जाण्याची क्रिया ती अडवते, म्हणून ते जास्त वेळ काम करत राहतं. पण राहिलेली झोप कॉफीनेही भरून निघत नाही आणि मोडाफिनिलनेही नाही. चार तास झोपलेल्या माणसाने गोळी घेतली तर तो चार तास झोपलेला, डोळे उघडे असलेला माणूस होतो.

दुसरी गोष्ट शरीराच्या घड्याळाची. हे घड्याळ पहाटे सर्वांत जास्त झोप आणतं आणि दुपारी पुन्हा थोडी आणतं, जेवण हलकं असलं तरी. आपल्या गोव्यात दुपारी दुकानं बंद होतात, लोक शीत-हुमण जेवून आडवे होतात, त्यात शरीराच्या दृष्टीने काही चूक नाही. अडचण वेगळीच आहे. दुपारची झोप इथे इतकी नेहमीची, की खरा आजार तिच्याआड लपून राहतो.

माझ्या घरात तसंच झालं. बाबा निवृत्त झाल्यावर सकाळी सोप्यावर पदेराची, म्हणजे पाववाल्याची, वाट बघत बसायचे आणि पदेराच्या सायकलचा भोंपू ऐकू येण्याआधीच घोरायला लागायचे. पाहुण्यांशी बोलताना मान खाली पडायची. आम्ही म्हणायचो, आयुष्यभर कष्ट केले, आता सुशेगाद झोपू दे. मी स्वतः औषधांच्या धंद्यात असून दोन वर्षं हेच म्हणत होते. एकदा स्कूटरवरून बाजारात जाताना सिग्नलला थांबले तिथेच त्यांना डुलकी लागली आणि स्कूटरसकट आडवे झाले, तेव्हा डोळे उघडले.

थकवा आणि झोप यांत फरक करायला तेव्हाच शिकले. थकलेल्या माणसाला बसावंसं वाटतं, पण बसला म्हणून तो झोपतोच असं नाही. अतिझोपेचा माणूस बसला की झोपतो. डॉक्टर यासाठी एक साधी प्रश्नावली वापरतात. मेलबर्नच्या मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये ती प्रसिद्ध केली. तिचं नाव एपवर्थ. आठ प्रसंग दिलेले असतात: वाचताना, टीव्ही बघताना, तासभर गाडीत मागे बसलेलं असताना, कुणाशी बोलताना, असे. प्रत्येक प्रसंगी झोप लागण्याची शक्यता किती ते ० ते ३ गुणांत लिहायचं. २४ पैकी १० च्या वर गुण गेले तर डॉक्टरांशी बोलायला हवं. बाबांचे १७ आले.

गोळीच्या आधी कारण शोधायचं ते यासाठी. कित्येकदा कारण हातात ठेवलेल्या औषधांतच असतं. सर्दीची सिट्रिझिन किंवा क्लोरफेनिरामिन, झोपेसाठी घेतलेली अल्प्राझोलम, नसांच्या दुखण्यासाठीची प्रीगॅबालिन, ही सगळी दिवसा पेंगुळवतात. थायरॉइड मंदावलेलं असेल, हिमोग्लोबिन उतरलेलं असेल, मन खूप काळ उदास असेल, तरी माणूस दिवसा झोपाळतो. आणि काही वेळा कारण एवढंच असतं की माणूस रोज पाच तास झोपतो. जत्रांच्या दिवसांत आपल्याकडे रात्रभर नाटकं बघून दुसऱ्या दिवशी कामावर जातात, त्याला औषध नाही, झोपच हवी.

बाबांच्या झोपेची रात्रभर तपासणी झाली. झोपेत त्यांचा श्वास तासाला ३० पेक्षा जास्त वेळा अडकत होता. याला गंभीर प्रकार म्हणतात. घसा सैल पडून वाट बंद होते, रक्तातला प्राणवायू घसरतो, मेंदू दचकून जागं करतो, आणि माणसाला यातलं सकाळी काहीच आठवत नाही. उपाय म्हणजे रात्री नाकावर मास्क लावून हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारं सीपॅप यंत्र. ते सुरू केल्यावर बराच फरक पडला, पण सकाळची थोडी झापड राहिली. तेव्हा डॉक्टरांनी मोडाफिनिल जोडली.

आणि इथे चूक झाली. गोळीने बाबा दिवसभर ताजेतवाने राहू लागले, म्हणून त्यांनी मास्क कपाटात ठेवून दिला. 'आता बरा आहे, कशाला ते तोंडाला बांधायचं?' आईने घोरणं पुन्हा ऐकलं म्हणून कळलं. रक्तदाब वाढलेला होता. गोळीने डोळे उघडे ठेवले, घसा नाही. श्वास पूर्वीसारखाच अडकत होता, फक्त त्याची खूण पुसली गेली होती. तुम्हाला किंवा घरात कुणाला या कारणासाठी गोळी मिळाली असेल तर यंत्र एक रात्रही सोडू नका. टोचत असेल तर मास्कचा आकार बदलून मिळतो. आणि रात्रीचा पेग सोडा, दारूने घसा आणखी सैल पडतो. उर्राकच्या मोसमातही.

गोळी कधी घ्यायची

सकाळी, दिवसातून एकदा, उठल्यावर. तिचा जोर दोन ते चार तासांत शिगेला पोचतो. जड नाश्त्यावर घेतली तर तासभर उशिराने लागू पडते, पण वाया जात नाही. महत्त्वाची गोष्ट म्हणजे तिचा निम्मा भाग शरीराबाहेर जायला १२ ते १५ तास लागतात. सकाळी ७ ला घेतली तरी रात्री ९-१० वाजता बरीचशी रक्तात असतेच. दुपारची झोप काढून ४ वाजता 'आता संध्याकाळ चांगली जावी' म्हणून घेणारे मी बघितले आहेत. त्यांची रात्र जाते, दुसऱ्या दिवशी जास्त झोप येते, मग दुसरी गोळी. या फेऱ्यातून बाहेर यायला फार जड जातं. सकाळची गोळी विसरली आणि दुपार झाली तर त्या दिवशी सोडून द्या. दुसऱ्या दिवशी दोन घेऊन भरपाई करू नका.

रात्रपाळीसाठी दिली असेल तर पाळी सुरू होण्याआधी तासभर घ्यायची असते. १० ची पाळी असेल तर ९ ला. तिने रात्रपाळीची झोप पूर्ण जात नाही, कमी होते. पहाटे ४ ते ६ या वेळात शरीराचं घड्याळ सर्वांत खाली असतं आणि नेमका त्यानंतर माणूस स्कूटर काढून घरी निघतो. कंपनीची बस असेल तर बसने या. घरी आल्यावर खोलीत अंधार करा, फोन बंद करा. औषध अजून शरीरात असतं, त्यामुळे सुरुवातीला झोप लागायला वेळ लागू शकतो. सुट्टीच्या दिवशी गोळी घ्यायची का, हे डॉक्टरांना विचारून ठेवा.

सुरुवातीच्या दिवसांत डोकं दुखणं, मळमळ, तोंड कोरडं पडणं, जीव धडधडणं हे बऱ्याच जणांना होतं. डोकेदुखी सर्वांत जास्त. पाणी भरपूर प्या, चहा-कॉफी कमी करा, कारण दोन्ही मिळून हात थरथरतात. गोळी सुरू करण्याआधी रक्तदाब मोजून घ्या आणि नंतरही मोजत राहा. हृदयाचा डावा कप्पा जाड झालेला असेल किंवा झडपेचा त्रास असेल तर आधी सांगा. यकृत बरंच बिघडलेलं असेल तर मात्रा निम्मी करावी लागते.

बाकीची औषधं, आणि विशेषतः बायकांसाठी

मी काउंटरवर या गोळीची पट्टी हातात देण्याआधी एक प्रश्न विचारते, आणि तो विचारताना आवाज खाली करते, कारण मागे रांग असते: गर्भनिरोधक गोळी चालू आहे का?

कारण असं. मोडाफिनिल यकृतातल्या एका एन्झाइमला जास्त कामाला लावते. तेच एन्झाइम गर्भनिरोधक गोळीतली संप्रेरकं तोडतं. म्हणजे बाई रोज न चुकता गोळी घेत असते आणि शरीरात ती पुरेशी उरतच नाही. पॅच, त्वचेखाली बसवतात ते इम्प्लांट, आणि तातडीची 'नंतरची' गोळी, सगळ्यांवर हा परिणाम होतो. तांब्याच्या कॉपर-टीवर होत नाही, निरोधवर अर्थातच नाही. मोडाफिनिल थांबवल्यावरही एन्झाइम लगेच शांत होत नाही, म्हणून नंतर किमान महिनाभर, काही डॉक्टर दोन महिने सांगतात, दुसरा उपाय चालू ठेवायचा.

ही गोष्ट निसटते कशी तेही मी बघितलं आहे. झोप घालवण्याची गोळी एका डॉक्टरांची, गर्भनिरोधक दुसऱ्या डॉक्टरांची, दोन्ही चिठ्ठ्या वेगवेगळ्या दुकानांत. एका मुलीला मी चार महिने मोडाफिनिल देत होते आणि मी विचारलं नव्हतं. ती दुसरी गोळी दुसरीकडून घ्यायची. पाचव्या महिन्यात तिने सांगितलं की आता ही गोळी नको, ती गरोदर आहे. तेव्हापासून मी विचारायचं सोडलेलं नाही, कुणाला अवघड वाटलं तरी.

गरोदरपणात ही गोळी घ्यायची नाही. २०१९ मध्ये कॅनडाच्या औषध नियंत्रकांनी इशारा दिला की गरोदरपणात ही गोळी घेतलेल्या काही बायकांच्या बाळांमध्ये जन्मजात दोष आढळले, त्यांत हृदयाचेही होते. युरोपातही नंतर तसाच इशारा निघाला. मूल हवं असा विचार सुरू झाला की आधी डॉक्टरांकडे जा. दिवस गेल्याचं गोळी चालू असताना कळलं तर घाबरून बसू नका, त्याच दिवशी फोन करा.

बाकीच्या औषधांची गोष्टही अशीच. हीच गोळी यकृतातल्या दुसऱ्या एका एन्झाइमचं काम कमी करते, त्यामुळे फिट्सची फेनिटॉइन, डायझेपाम, ओमेप्राझोल आणि प्रोप्रानोलॉल यांचं प्रमाण रक्तात वाढू शकतं. रक्त पातळ करणारी वॉरफरिन चालू असेल तर तपासणी जास्त वेळा करावी लागते. किडनी बदललेल्या माणसाची सायक्लोस्पोरिन कमी पडू शकते, आणि ते फार धोक्याचं. उलट क्षयाची रिफॅम्पिसिन मोडाफिनिलचाच असर घटवते. ही नावं पाठ करायची गरज नाही. घरातल्या सगळ्या पट्ट्या, आयुर्वेदिक बाटल्यासुद्धा, एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर आणि फार्मसीत आणा. पिशवी बघून कुणी हसणार नाही, आम्हाला आनंदच होतो.

कधी थांबवायची आणि धावायचं

अंगावर पुरळ. ही गोष्ट मी प्रत्येकाला दोनदा सांगते. अगदी थोड्या लोकांना या औषधाने त्वचेची भयंकर प्रतिक्रिया येते, स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम नावाची, ज्यात कातडी फोडांसारखी सुटते. ती बहुतेकदा पहिल्या काही आठवड्यांत येते. गोव्याच्या मे महिन्यात घामोळं कुणाला येत नाही? नेमका म्हणूनच गोंधळ होतो. लोक पावडर लावतात आणि गोळी चालू ठेवतात. या औषधावर असताना पुरळ आलं तर ते घामोळं आहे की काय, हे आपण ठरवायचं नाही. गोळी बंद, आणि त्याच दिवशी डॉक्टर. तोंडात फोड, डोळे लाल, ताप, चेहरा किंवा ओठ सुजणं, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास, यांतलं काही असलं तर १०८ ला फोन करून थेट इस्पितळ, बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) किंवा जे जवळ असेल ते. आणि एकदा अशी प्रतिक्रिया आली की ही गोळी पुन्हा कधीच नाही. घरातल्या फायलीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

दुसरं, मन. काही जणांना विनाकारण चिडचिड, घबराट, कुणीतरी मागे लागल्याचा संशय, नसलेले आवाज, किंवा अचानक फार उत्साह आणि दोन-दोन रात्री झोपच नको असं होतं. जीव द्यावासा वाटणारे विचारही येऊ शकतात. ज्याला होतं त्याला ते बहुतेकदा कळत नाही, म्हणून घरच्यांनी लक्ष ठेवायचं. पूर्वी मानसिक आजार झालेला असेल तर तो लपवू नका. छातीत दुखलं तरी वाट बघायची नाही.

लहान मुलांना ही गोळी देत नाहीत. पुरळाच्या याच धोक्यामुळे अमेरिकेतही मुलांसाठी तिला मान्यता मिळाली नाही. आणि परीक्षेसाठी जागायला म्हणून कॉलेजची मुलं मित्राच्या पट्टीतली एक-दोन मागून घेतात, त्यांच्या आईबापांना माझी विनंती आहे की रागावण्याआधी विचारा, किती घेतल्या आणि काय होतंय. अभ्यास डोक्यात पक्का बसतो तो झोपेत. जी रात्र गोळीने काढली, तिचं वाचलेलंही नीट राहत नाही. शिवाय या औषधाची सवय लागण्याचा धोका थोडा का होईना आहे, म्हणूनच ते चिठ्ठीवर मिळतं. पट्टीवर लाल रेघ असते ती हेच सांगते. ऑनलाइन बिलाशिवाय येणाऱ्या पट्ट्यांत काय भरलं आहे ते कुणी सांगू शकत नाही. बिल घ्या, त्यावर बॅच नंबर असतो.

गाडीबद्दल. गोळी चालू झाली म्हणजे स्टिअरिंग हातात घ्यायला मोकळे झालो असं नाही. पहिले काही दिवस चालवू नका, मग डॉक्टरांना विचारून ठरवा. चालवताना जांभई आली, लेन सरकली, मागचा एक किलोमीटर आठवेना, तर गोळी घेतलेली असली तरी गाडी बाजूला लावा. वीस मिनिटं डोळे मिटा.

गोळ्या पट्टीतच ठेवा, कोरड्या जागी. पावसाळ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीत किंवा उन्हाळ्यात स्कूटरच्या डिकीत नाही.

बाबा आता रोज रात्री मास्क लावतात. सकाळी आई तो धुऊन सावलीत वाळत घालते, तो त्यांच्यातला नवा करार आहे. सहा महिन्यांनी डॉक्टरांनी पुन्हा एपवर्थ भरून घेतली. ९ गुण आले. त्यांनी गोळी निम्म्यावर आणली आणि म्हणाले, दोन महिन्यांनी बघू, कदाचित लागणारही नाही. बाबांनी मला विचारलं, मग मास्क? मी म्हटलं, मास्क राहणार. त्यांनी पाव कडीत बुडवला आणि काही बोलले नाहीत.